शाळेत इंटरनेट कसं आणायचं आणि कसं टिकवायचं: ठाणे–नवी मुंबईतल्या पालक-शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिघ्यापासून मुरबाडपर्यंतच्या पालकसभांत आणि शिक्षकांच्या बोलण्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं देताना पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. खासगी अनुदानित शाळांबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आमच्या शाळेच्या माहितीत ‘इंटरनेट: होय’ असं लिहिलंय. वर्गात तर काहीच दिसत नाही. कोण खोटं बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत दरवर्षी शाळेची माहिती भरतात, त्यात इंटरनेट आहे का, असा प्रश्न असतो. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या एका संगणकाला जोडणी असली तरी उत्तर ‘होय’ असंच जातं. देशातल्या ज्या शाळांनी असं ‘होय’ सांगितलं, त्यांचं प्रमाण २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के होतं, २०२४-२५ मध्ये ते ६३.५ टक्के झालं. वाढ चांगलीच आहे. पण हे शाळांचे आकडे आहेत. सातवी ‘ब’मधल्या मुलीच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे त्यात कुठेच नसतं.

म्हणून सभेत ‘इंटरनेट आहे का?’ असं विचारूच नका. ‘गेल्या आठवड्यात कोणत्या वर्गाने ते किती तासिका वापरलं?’ असं विचारा. खोलीत जरा शांतता पसरेल, पण त्यानंतर खरी चर्चा सुरू होते.

ठाणे-नवी मुंबईत अजून हा प्रश्न उरलाय? इथे तर खांबाखांबावर केबल लोंबतायत.

लोंबतायत खऱ्या. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात तर मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, देशभराची माहिती तिथल्या यंत्रांवर साठते. तिथून रिक्षाच्या अंतरावर असलेल्या इलठणपाड्यात किंवा तुर्भे स्टोअरला एका खोलीत पाच माणसं आणि एक फोन, असं घर शोधावं लागत नाही. केबल जवळून जाते म्हणून ती घरात येतेच असं नाही.

शिवाय ठाणे म्हणजे फक्त घोडबंदर रोड नव्हे. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तरी ठाणे जिल्ह्यात शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ इथले पाडे आहेतच. खुद्द ठाणे महापालिकेच्या हद्दीत येऊरचे आदिवासी पाडे आहेत, तेही जंगलाच्या कुशीत. ठाणे आणि नवी मुंबई शहरांत सरकारी टेलिफोन म्हणजे वर्षानुवर्षं एमटीएनएल, पुढे शहापूर-मुरबाडकडे बीएसएनएल. खासगी कंपन्या गिऱ्हाईक दाट असेल तिथे आधी पोचतात. एकाच जिल्ह्यात इतक्या तऱ्हा असल्यामुळे सगळ्या शाळांना एकच उपाय लागू करणारी योजना कागदावर देखणी दिसते आणि डोंगरापलीकडे अडकते.

घरोघरी मोबाइल आहेत. मग शाळेत वेगळं इंटरनेट कशाला?

फोन घरात असणं आणि तो मुलाच्या हातात असणं, यात बरंच अंतर आहे. वडील एमआयडीसीत रात्रपाळीला गेले की फोनही त्यांच्याबरोबर जातो. अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज संपलं की पुढचा पगार होईपर्यंत नेट बंद. आणि घरात एकच फोन असेल, तर तो आधी कोणाला मिळतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालात हे आकड्यांत दिसतं. १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला असं ५७ टक्क्यांनी सांगितलं, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे फोन चालवणं मुलं आपसूक शिकतात. त्यावर शिकायचं कसं, हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. ते शाळेतच होऊ शकतं, आणि तिथेच मुलीला मुलग्याइतकाच वेळ मिळेल असं वेळापत्रक लावता येतं.

स्पीड किती लागतो?

तुम्ही काय करणार त्यावर आहे. एक शिक्षक, एक प्रोजेक्टर आणि समोर चाळीस मुलं असतील, तर एका व्हिडिओला ३ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुष्कळ झाले. तीच चाळीस मुलं प्रत्येकी टॅबवर व्हिडिओ बघायला लागली, की कमी दर्जाच्या चित्रालाही माणशी १ एमबीपीएस धरला तरी ४० हवेत, आणि दुसरा वर्गही त्याच वेळी बसला तर ८०.

करारात नुसतं ‘ब्रॉडबँड’ असं लिहिलं असेल तर सावध राहा. २०२३ पासून आपल्याकडे ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे, त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती. २ एमबीपीएसवर ५०० एमबीचा एक धडा उतरायला सुमारे ३३ मिनिटं लागतात. तोवर तासिका संपलेली असते.

आणखी दोन गोष्टी करार करण्याआधी विचारा. ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ यातलं ‘पर्यंत’ दुपारी बारा वाजता किती उरतं? आणि महिन्याचा ठरलेला डेटा संपल्यावर स्पीड किती खाली येतो? सेल्सवाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हमखास टाळतो.

राउटर बसवला की झालं ना?

नाही. तिथून तर काम सुरू होतं.

जुन्या पालिका शाळांच्या भिंती जाड असतात. तळमजल्यावरच्या कार्यालयातला राउटर दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी तीसेक उपकरणं एकदम जोडली की घरगुती राउटर दम टाकतो. मजल्यामजल्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी पेटी) लावून तिथवर नेटवर्क केबल ओढावी लागते. साध्या तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. मैदानापलीकडे दुसरी इमारत असेल तर फायबरच टाका, उगाच जोडाजोड करू नका.

मग वीज. वीज गेली की राउटरही गेला, म्हणून इन्व्हर्टर किंवा निदान राउटरपुरता छोटा यूपीएस हवा. शहापूर-मुरबाडला वळवाच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा फायबरला काही होत नाही, पण त्याला जोडलेलं यंत्र विजेच्या तारेतून जळतं. अर्थिंग तपासून घ्या, सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं प्लगमधून काढून ठेवा. या शेवटच्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही आणि नेमकी तीच राहते.

खर्च किती, आणि पैसा कुठून आणायचा?

हा प्रश्न सगळ्यात मोठा. यात एकदाचा खर्च आणि दरमहाचा खर्च असे दोन वेगळे खर्च आहेत. आपल्याकडे पहिल्यासाठी देणारे पुष्कळ भेटतात. उद्घाटन असतं, रिबीन असते, फोटो असतो. बाराव्या महिन्याचं बिल भरायला मात्र कोणी हार घेऊन येत नाही, आणि शाळेतलं इंटरनेट बंद पडतं ते बहुतेक वेळा इथेच.

हिशोब करून बघा. साधं फायबर कनेक्शन महिना ७०० रुपये धरलं, तर वर्षाचे ८,४०० होतात, १८ टक्के जीएसटी धरून ९,९१२. आता समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान बघा. केंद्राच्या निकषांनुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला ते वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत असतं, १०१ ते २५० पटाला ५०,०००, त्यापुढे १,००० पटापर्यंत ७५,०००. इंटरनेट आणि वीजबिल हे दोन्ही खर्च यातून करता येतात. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. म्हणजे लहान शाळेच्या हाती उरले २२,५००. इंटरनेट वजा जाता १२,५८८. त्यात वर्षाची वीज, खडू, नळदुरुस्ती, प्रयोगाचं साहित्य. मुख्याध्यापक कनेक्शन का तोडतात, हे यानंतर वेगळं सांगायला नको.

त्याच योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांसाठी संगणक प्रयोगशाळेची तरतूद आहे: एकदाचे ६.४० लाखांपर्यंत आणि पुढे वर्षाला २.४० लाखांपर्यंत. इथे दरवर्षीचा पैसा मुळातच धरलेला आहे, म्हणून प्रस्ताव द्यायचा तर हा आधी द्या. मंजुरी मिळणं जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यावर अवलंबून असतं, त्यामुळे आराखडा ठरण्याआधीच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा पालिकेच्या शिक्षण विभागाकडे मागणी गेलेली हवी.

खासदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून केबल आणि यंत्रं मागा, बिल मागू नका, फाइल परत येईल. ग्रामपंचायत, लोकवर्गणी आणि माजी विद्यार्थी हे उलट दरमहाच्या बिलाला उपयोगी पडतात. एका बॅचने एका वर्षाचं बिल उचललं, असं ठरवता येतं.

कंपनी सीएसआरमधून टॅब देते म्हणते. घ्यावेत का?

घ्या, पण अटी घालून. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगत अशा कंपन्यांना तोटा नाही. त्यांचा कल मोजता येईल अशा वस्तूंकडे असतो, कारण अहवालात ‘इतके टॅब दिले’ हे लिहायला सोपं. तुम्ही मागा: तीन वर्षांचं इंटरनेट बिल, चार्जिंगचं कपाट, फुटलेली काच बदलून देण्याची हमी, आणि शिक्षकांसाठी वर्षभर येत राहील असा एक माणूस. हे द्यायला तयार नसतील तर टॅब निम्मे घ्या आणि उरलेल्या पैशांत हे बसवा. स्वतःच्याच अ‍ॅपवर मुलांची नावं नोंदवण्याची अट घालत असतील, तर नम्रपणे नाही म्हणा.

भारतनेट गावात आलंय. मग शाळेत का नाही?

कारण केंद्र सरकारच्या या योजनेचं मूळ उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचं होतं. २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने योजना मंजूर झाली, पुढे तिचं भारतनेट झालं, आणि सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायचं ठरलं. ग्रामपंचायतीच्या कपाटाशेजारी पेटी बसली की आकडा पूर्ण. तिथून शाळा अर्ध्या किलोमीटरवर असो की ओढ्यापलीकडच्या पाड्यात, तो तुकडा कोणी टाकायचा हे सुटलंच. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. ‘माध्यमिक’ हा शब्द नीट वाचा. पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा बहुधा चौथी-पाचवीपर्यंतची, फार तर आठवीपर्यंतची. तिच्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून पंचायतीपासूनचा तुकडा वेगळा मागावा लागेल.

आमच्याकडे रेंजच नाही. आम्ही काय करायचं?

जोडणीची वाट बघत बसू नका. ‘किविक्स’ या मोफत सॉफ्टवेअरने मराठी विकिपीडिया पूर्ण उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. ‘कोलिब्री’ हीसुद्धा मोफत प्रणाली आहे. एका छोट्या संगणकावर धडे साठवायचे, त्याला राउटर जोडायचा, आणि वर्गातल्या टॅबना तो आपल्याच शाळेपुरतं इंटरनेट असल्यासारखा धडे पुरवतो. बाहेरची जोडणी शून्य. शिक्षकाने तालुक्याला गेल्यावर नवे धडे भरून आणायचे. पीएम ई-विद्या या सरकारी उपक्रमाच्या शैक्षणिक वाहिन्या डीटीएचच्या तबकडीवरही दिसतात.

शहापूर तालुक्यातल्याच पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव राज्यभर झालं ते टॅबवर शिकवण्यामुळे. शिक्षक संदीप गुंड यांनी ते उभं केलं. तिथे जाऊन आलेले लोक बहुधा टॅबबद्दल बोलतात. मला त्यात धडे आधी तयार ठेवण्याची शिस्त जास्त महत्त्वाची वाटते.

शाळेचं नेट शिक्षक कार्यालयीन कामालाच वापरतात. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही, पण त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. यूडायस, सरल, शालार्थ या सरकारी पोर्टलांवर भरायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, मुलांचे ओळख क्रमांक, वरून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आजच्या आज’ मागितलेला तक्ता. नेट नसेल तेव्हा हे सगळं गुरुजी आणि बाई स्वतःच्या फोनच्या डेटावर करतात, आणि त्याची भरपाई कोणी देत नाही. शाळेला जोडणी मिळाली की आधी हाच ढिगारा उपसला जातो. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: भिंतीवरच्या वेळापत्रकात प्रत्येक वर्गाची आठवड्याला निदान एक नेटची तासिका छापायची आणि त्या वेळेत कार्यालयीन काम करायचं नाही. छापलेली तासिका बुडली की मुलं स्वतःच विचारतात.

केरळने देखभालीची बाजू वेगळी काढली. २००१ मध्ये तिथे आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली, आणि सुमारे ४५,००० वर्ग तिने सजवले. वर्ग सजवून हात झटकायचे नाहीत, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि यंत्रांची देखभाल यांसाठी कायमची यंत्रणा ठेवायची, हे तिथलं शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे राउटर बिघडला की संगणकातलं जरा कळणारा एखादा शिक्षक शनिवारी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो, आणि त्याची बदली झाली की शाळा पुन्हा अंधारात.

मुलं भलतंसलतं बघणार नाहीत?

प्रयत्न नक्की करतील. राउटरमध्ये अश्लील आणि घातक संकेतस्थळं अडवणारी सेवा लावता येते, ती मोफतही मिळते. कार्यालयाचं आणि मुलांचं वाय-फाय वेगळं ठेवा, पासवर्ड सत्राच्या सुरुवातीला बदला. त्यापेक्षा साधा उपाय म्हणजे पडद्यांची तोंडं शिक्षकांकडे करून बसवणं. काही घडलंच तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक वर्गात लावलेले असू द्या.

माहितीच्या सुरक्षेकडे मात्र कोणाचंच लक्ष नसतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांचे फोटो आणि आधार क्रमांक गटागटांवर फिरवण्याची सवय आधी आपणच सोडायला हवी.

शाळेत नेट आलं, पण घरी नाही. गृहपाठ ऑनलाइन दिला तर?

देऊ नये. वर्गातल्या एखाद्या जरी मुलाला घरी करता येणार नसेल, तर तो ऑनलाइन गृहपाठ देऊ नये, एवढा नियम शाळेने करावा. मग शाळा सुटल्यावर तासभर एक खोली उघडी ठेवा, पालकांपैकी कोणी पाळीपाळीने बसा. अभ्यासिका आणि ग्रंथालयंही धरा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून चालू आहे. वाचनालयांत अभ्यासाला बसण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, तिथे वाय-फाय जोडणं अवघड नाही.

अमेरिकेत १९९६च्या दूरसंचार कायद्यातून शाळा-ग्रंथालयांच्या इंटरनेट बिलात सवलत मिळू लागली. ती ई-रेट योजना आजही चालू आहे. मुलांना घरी नेण्यासाठी हॉटस्पॉट उसने द्यायला २०२४ मध्ये तीतून परवानगी मिळाली आणि २०२५ मध्ये ती काढूनही घेतली गेली. श्रीमंत देशातही घरचं इंटरनेट कोणाच्या खात्यातलं, हा वाद मिटलेला नाही.

मराठी आणि उर्दू माध्यमाला साहित्य मिळतं का?

बालभारतीची पुस्तकं मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड अशा माध्यमांत आहेत आणि पीडीएफ मोफत मिळतात. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर नेतो. मराठीत भरपूर आहे, उर्दूत तुलनेने कमी. भिवंडी-मुंब्र्याच्या शाळांनी ही तक्रार लेखी द्यावी.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांचं काय?

शाळेतल्या जोडणीचा त्यांना उपयोग नाही, हे सरळ मान्य करावं लागेल. शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे भट्ट्यांवर जातात, मुलं बरोबर. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत चालू राहावं म्हणून दिलं जाणारं) आणि भट्टीजवळच्या शाळेत प्रवेश हेच आधी. धडे भरलेलं मेमरी कार्ड सोबत दिलं तर बरं, पण त्यावर समाधान मानू नये.

खासगी अनुदानित शाळांना हे लागू होतं का?

संयुक्त अनुदान सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे. अनुदानित शाळांना मुख्यतः संस्था, सीएसआर आणि माजी विद्यार्थी यांवर भागवावं लागतं. बाकी तांत्रिक गोष्टी त्याच.

इंटरनेट हा मुलांचा हक्क आहे का?

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. आपल्या शाळेला त्यातून थेट कनेक्शन मिळणार नाही. अर्जात उल्लेख करायला मात्र हरकत नाही.

मग आम्ही पालकांनी सुरुवात कुठून करायची?

शाळा व्यवस्थापन समितीपासून. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे ठराव तुमच्या हातात आहे. ठरावात चार गोष्टी स्पष्ट लिहा: किती वर्गांत जोडणी हवी, दरमहाचं बिल कोणत्या शीर्षातून भरणार, बिघाड झाला तर कोणाला आणि किती दिवसांत कळवणार, आणि प्रत्येक वर्गाची तासिका कोणत्या वारी. मे महिन्यात शाळा बंद असते, पण बिल येतंच, म्हणून वार्षिक प्लॅन घ्यायचा की जून ते एप्रिल, हेही तिथेच ठरवा.

ठरावाची प्रत पालिकेच्या शिक्षण विभागात किंवा पंचायत समितीत द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली दुसरी प्रत परत घ्या. महिनाभरात काही हललं नाही, तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात विचारा: अर्ज सध्या कोणाच्या टेबलावर आहे? त्याचं उत्तर त्यांना ३० दिवसांत द्यावं लागतं.